वेचणीच्या हंगामात लहान मुलांसाठी ग्रामपंचायतीने काय करावे?

प्रश्न (ग्रामपंचायत सदस्या, यवतमाळ जिल्हा):
नमस्कार. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गावातील आया सकाळीच शेतात जातात आणि अंगणवाडी सुटल्यावर धाकटी मुले थोरल्या बहिणीच्या अंगावर पडतात, त्यामुळे तिची शाळा बुडते. पुढील विकास आराखड्यात या मुलांसाठी, तसेच निरक्षर प्रौढांसाठी तरतूद करता येईल का?

उत्तर (निवृत्त ग्रामसेवक, वर्धा):
ताई, अवश्य येईल. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येणाऱ्या कामांची यादी आहे; तिच्यातील २९ विषयांत प्राथमिक व प्रौढ शिक्षण, ग्रंथालये आणि महिला व बालविकास हे सर्व येतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ती केवळ साहित्य-वाटपात संपते तेव्हा मला फार वाईट वाटते. त्यातून हंगामी पाळणाघर चालवण्याचा प्रस्ताव आधी महिला सभेत आणि मग ग्रामसभेत मांडावा. प्रौढांसाठी केंद्राचा ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम आहे. तो १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी असून स्वयंसेवकांच्या बळावर चालतो.

उत्तर (अंगणवाडी सेविका, मेळघाट):
पाळणाघरात केवळ राखण होऊ नये, एवढीच विनंती. आमची मुले घरी कोरकू बोलतात आणि मराठी ऐकून सुरुवातीला गप्प बसतात, म्हणून आम्ही गावातील आजींना कोरकू गोष्टी सांगायला बोलावतो. त्यांतील दोघी आता मुलांशेजारी बसून अक्षरे गिरवतात.

प्रश्नकर्त्या:
मनःपूर्वक आभार. महिला सभेची तारीख वेचणी सुरू होण्यापूर्वीची मागते.