विकिपीडियाला देणगी द्यायची का? आणि हे सगळे बदल नक्की कशासाठी?

वाचनवेडी_सांगली:
नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडियावर परत देणगीची पट्टी दिसायला लागलीय. मला द्यायचेत पैसे, कारण मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टपासून ते माझ्या स्पर्धापरीक्षेच्या क्लासच्या नोट्सपर्यंत सगळीकडे तेच वापरतो आम्ही. पण घरातच दोन मतं आहेत. दीर म्हणतात त्यांच्याकडे बक्कळ पैसा आहे, उगाच देऊ नकोस. मैत्रीण म्हणते एआयमुळे विकिपीडिया आता काही वर्षांचाच सोबती आहे. त्यात पानांचं रूपडं बदललंय, अनुक्रमणिका डावीकडे जाऊन बसलीय, आणि लॉगिन न करता एक स्पेलिंग दुरुस्त केलं तर पानाच्या बदलांच्या इतिहासात आयपी नंबरच्या (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाच्या) जागी नागमोडी चिन्ह आणि साल असलेलं काहीतरी नाव आलं. तिथे प्रत्यक्ष काम करणारं कुणी असेल तर नीट समजावून सांगा प्लीज. मी पाचशे रुपये दिले तर त्यातलं मराठीला काय मिळतं?

धूळपाटी:
ताई, मी मराठी विकीवर बरीच वर्षं लिहितोय, त्यामुळे पैशाचं आधी सांगतो. देणगी जाते विकिमीडिया फाउंडेशनला, ही सॅन फ्रान्सिस्कोची ना-नफा संस्था. त्यांचा वर्षाचा खर्च २०२३-२४ मध्ये साधारण १८ कोटी डॉलरच्या घरात होता आणि तो बहुतेक सगळा वाचकांच्या छोट्या छोट्या देणग्यांतून येतो, एका देणगीची सरासरी ११ डॉलरच्या आसपास. त्याशिवाय एक कायमनिधी आहे, त्याने २०२१ मध्येच १० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. म्हणजे तुमचे दीर म्हणतात ते बरोबर आहे, उद्या दिवे जाणार अशी परिस्थिती अजिबात नाही. आणि हे फक्त मी नाही म्हणत, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजी विकीच्या संपादकांनीच चर्चा करून सांगितलं की देणगीच्या पट्टीवरची भाषा वाचकाला घाबरवणारी आहे, ती अशी चालणार नाही. फाउंडेशनला मजकूर बदलावा लागला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, फुकट काम करणारी माणसं संस्थेला थांबवू शकतात असं किती ठिकाणी दिसतं?

आता खर्च कुठे होतो ते. नुसत्या होस्टिंगचा खर्च ३० लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे एकूण खर्चात तसा किरकोळ. निम्म्याहून जास्त पैसा पगारावर जातो, त्यात सॉफ्टवेअर बनवणारे, सुरक्षा बघणारे, वकील असे सगळे आले. लेख लिहिणाऱ्याला यातला एक रुपया मिळत नाही आणि मिळूही नये असं माझं मत. भाषेनुसार वाटणी होत नाही, त्यामुळे तुमच्या पाचशेतले मराठीला इतके असा हिशोब कुणीच देऊ शकत नाही. अनुदानं मात्र असतात, बंगळुरूच्या सीआयएस (सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी) संस्थेचा कार्यक्रम फाउंडेशनच्या पैशावर चालला आणि त्यातून मराठीच्याही कार्यशाळा झाल्या.

तरीही द्या असंच म्हणेन. जाहिरात नसलेलं, आपण काय वाचतो याचा माग काढून विकत नसलेलं एवढं मोठं संकेतस्थळ दुसरं दाखवा. फक्त घाबरून देऊ नका, पटलं म्हणून द्या.

सांगकाम्या_नाही:
रूपड्याचं मी सांगतो. ते नवीन रूप इंग्रजी विकीवर जानेवारी २०२३ मध्ये आलं तेव्हा तिथे पण प्रचंड आरडाओरडा झाला, ओळी अरुंद केल्या, दोन्ही बाजूंना पांढरी जागा सोडली म्हणून. डावीकडची अनुक्रमणिका मला आवडते कारण लांब लेखात परत वर जावं लागत नाही. नको असेल तर खातं उघडून सेटिंग्जमध्ये जुनं रूप निवडता येतं. २०२४ मध्ये डार्क मोड पण आला, रात्री वाचणाऱ्यांनी जरूर चालू करा.

ते नागमोडी नाव म्हणजे तात्पुरतं खातं. आधी लॉगिन न करता काही बदललं की तुमचा आयपी जगाला कायमचा दिसायचा, आता ब्राउझरमध्ये ९० दिवस टिकणारं एक नाव मिळतं आणि आयपी फक्त प्रचालक (विकीची देखरेख करणारे संपादक) आणि मोजक्या अनुभवी संपादकांनाच बघता येतो. हा बदल मला सगळ्यात गरजेचा वाटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखावरून महाराष्ट्र सायबर या राज्य पोलिसांच्या विभागाने नोटीस पाठवली, पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. मजकुराबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, वाद चर्चापानावर संदर्भ घेऊन घालावा, पण नुसतं स्वल्पविराम दुरुस्त करणाऱ्या माणसाचा आयपी कुणालाही दिसावा हे काही बरोबर नव्हतं.

वकिलांचा खर्च पण तिथेच येतो. एएनआय या वृत्तसंस्थेने फाउंडेशनवर दिल्ली उच्च न्यायालयात २ कोटींचा दावा लावला, त्या खटल्यावरचं पानच ऑक्टोबर २०२४ मध्ये काढायला लागलं, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पान काढायचा आदेश रद्द केला. अशी लढाई स्वयंसेवक स्वतःच्या खिशातून लढू शकत नाहीत, म्हणून मी देतो.

एआयबद्दल बोलायचं तर बंद पडणार वगैरे नाही, पण काळजी खरी आहे. एआय कंपन्यांचे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) सगळं उपसून नेतात. जानेवारी २०२४ पासून फोटो-व्हिडिओच्या डाउनलोडचा भार ५० टक्क्यांनी वाढला असं फाउंडेशननेच सांगितलंय, आणि सगळ्यात महागड्या ट्रॅफिकपैकी ६५ टक्के या बॉटांचं. दुसरीकडे २०२५ च्या काही महिन्यांत माणसांच्या भेटी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा साधारण ८ टक्क्यांनी घटल्या. उत्तर चॅटबॉटवरच मिळतं, पानावर कोण येतंय? आणि पानावर कुणी आलंच नाही तर देणगी देणार कोण आणि चुका सुधारणार कोण.

नागपुरी_संत्री:
थोडं वेगळं सांगते. वाचकांच्या पैशावर ज्ञानकोश चालवणं हे आपल्याला काही नवीन नाही हो. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला तो आमच्या नागपुरात ज्ञानकोश मंडळ लिमिटेड अशी कंपनी स्थापून, लोकांना शेअर विकून आणि आगाऊ वर्गणीदार गोळा करून. १९२० च्या दशकात त्याचे २३ खंड निघाले, आज ते ऑनलाइन फुकट वाचता येतात. मराठी विश्वकोश राज्य सरकारच्या पैशावर चालतो, त्याचंही काम मोठं आहे, पण केतकरांचा मार्ग वेगळा होता, वाचकानेच पुस्तक उभं करायचं. मला विकिपीडिया त्याच रांगेतला वाटतो.

आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की पाचशे रुपयांपेक्षा मराठीला हात जास्त हवेत. मराठी विकी १ मे २००३ ला सुरू झाला, लेख लाखाच्या आसपास आहेत, पण त्यातले कितीतरी गावांचे दोन-तीन ओळींचे लेख आहेत, गावाचं नाव, तालुका, जिल्हा आणि विषय संपला. ना तिथलं पीक, ना देऊळ, ना शाळा, ना नदी. सॅन फ्रान्सिस्कोत बसलेला माणूस हे भरणार नाही, त्याला कितीही पैसे द्या. ते त्या गावच्या माणसालाच करायला लागेल.

वाचनवेडी_सांगली:
बापरे, किती नीट सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. दिरांना धागा वाचायला दिलाय. पैसे देणार आहे, पण दरमहाचं करावं की एकदाच? आणि नागपूरच्या ताई, तुमचं पटलं, माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, त्या गावाचं पान बघितलं तर खरंच दोनच ओळी. मला लिहायचंय, पण भीती वाटते कुणी उडवून टाकेल.

धूळपाटी:
एकदाच द्या, यूपीआयने. परदेशी संस्थेला दरमहा कार्डावरून कापून देणं २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनंतर कटकटीचं झालंय, माझ्या बँकेत तर मध्येच थांबलं आणि मला कळलंही नाही. अमेरिकेतली संस्था असल्यामुळे ८०जीची (देणगीवरच्या आयकराची) सवलत मिळत नाही, ते गृहीत धरूनच द्या.

गावाच्या पानाचं म्हणाल तर आधी खातं उघडा आणि विकीवरच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहून बघा, तिथे कुणी काही म्हणत नाही. उडवलं जातं ते मुख्यतः दोन कारणांनी, संदर्भ नसतो किंवा पेपरातून जसंच्या तसं उचललेलं असतं. तुमचा तालुका इंग्रजांच्या काळी सातारा जिल्ह्यात होता, सांगली नंतर वेगळा झाला, म्हणून १८८५ चं सातारा गॅझेटियर बघा, तासगावबद्दल त्यात भरपूर मिळेल. जुनं असल्याने कॉपीराइटचा प्रश्न नाही, तरी स्वतःच्या शब्दांत लिहा आणि पान नंबर द्या. लोकसंख्येला २०११ ची जनगणना चालेल. गावातल्या देवळाचा, शाळेचा, ओढ्याचा फोटो मोबाइलवर काढून कॉमन्सवर (विकिमीडियाच्या मोफत फोटोंच्या संकेतस्थळावर) चढवा, फोटो स्वतःच काढलेला असावा एवढंच. अडलं तर विकीच्या चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, विचारा, नाहीतर इथेच लिंक टाका, मी रविवारी बघतो.

नागपुरी_संत्री:
लिंक टाकाच, शुद्धलेखन मी बघून देते.