दुसऱ्या कॉम्प्युटरचे प्रोग्राम : कार्ड 'अस्सल' आणि एम्युलेटर 'नकली', हे कुणी ठरवलं?

खटारा (धागाकर्ता)

दुसऱ्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम आपल्या मशीनवर चालवायचे दोन मार्ग : त्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर असलेलं कार्ड मशीनमध्ये खोचायचं, किंवा त्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एम्युलेटर, वापरायचं. 'एम्युलेटर म्हणजे नक्कल, कार्ड म्हणजे अस्सल' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की शेवटी धागा काढावा लागला.

कार्डाची कल्पना झकास होती, हे आधी कबूल. १९८० साली मायक्रोसॉफ्टने ॲपल टूसाठी सॉफ्टकार्ड काढलं. कार्डावर चक्क झेड-८० प्रोसेसर. ते खोचलं की ६५०२ या वेगळ्याच प्रोसेसरवरचं मशीन सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रोग्राम चालवू लागे. त्या काळी दुसरा इलाजही नव्हता. १ मेगाहर्ट्झच्या ६५०२कडून झेड-८०ची नक्कल करून घेणं म्हणजे गोगलगायीला घोड्याची चाल शिकवणं.

पण त्यात अस्सल किती? फक्त प्रोसेसर. डिस्क आणि पडद्यासाठी झेड-८० ६५०२लाच हाक मारणार आणि तेवढा वेळ स्वतः थांबून राहणार. त्यात ६५०२ला मेमरीचा अगदी सुरुवातीचा भाग लागतो आणि सीपी/एमलाही नेमका तोच हवा. म्हणून कार्ड गुपचूप मेमरीचे पत्ते सरकवून द्यायचं. ही थाप नाही तर काय?

१९९१चं मॅक एलसीसाठीचं ॲपल टू-ई कार्ड घ्या. प्रोसेसर खरा, पण पडद्यावरचं चित्र मॅकच्या सॉफ्टवेअरने रंगवलेलं, आणि ते कधीकधी मागे पडायचं. पुढे मॅकच्या सिस्टिम ७.६ने मेमरीच्या २४-बिट पत्त्यांची पद्धत सोडली आणि कार्डाचा कारभार आटोपला. चिप मात्र धडधाकट होती! एम्युलेटर निदान पुढच्या मशीनवर उचलून नेता येतो.

चक्रमोजणी

असहमत. उदाहरणं सोयीची निवडलीत. प्रोसेसर हा सोपा भाग आहे, खरी गोम वेळेत असते. अटारी २६०० या जुन्या गेम कन्सोलमध्ये अख्खं चित्र साठवायला मेमरीच नाही. प्रोग्राम पडद्याची एकेक रेघ चालू असतानाच चित्र घडवतो आणि एका रेघेसाठी प्रोसेसरला मिळतात मोजून ७६ चक्रं, म्हणजे त्याच्या घड्याळाचे ७६ ठोके. खऱ्या यंत्रात सगळ्या चिपा एकाच वेळी चालतात, एम्युलेटर त्यांना आळीपाळीने ढकलतो. एक चक्र चुकलं की चित्र विस्कटलं.

खटारा

मान्य, पण हा वाद आता शिळा झाला. आजचं साधं मशीनही २६००च्या १.१९ मेगाहर्ट्झपेक्षा इतकं वेगवान आहे की एकेक चक्र मोजूनही त्याला झोप काढायला वेळ उरतो. अवघड आहेत ती नंतरची गुंतागुंतीची मशीनं. आणि त्यांच्यासाठी तुमचं कार्ड कुठंय?

चक्रमोजणी

एफपीजीए, म्हणजे आतली सर्किटं हवी तशी जुळवता येणारी चिप. तिच्यावरचा मिस्टर प्रकल्प पाहा, एकाच बोर्डात डझनावारी जुनी मशीनं. तिथे सर्किटं खरोखर समांतर चालतात.

लॉजिकगेट

मीही एफपीजीएवालाच, पण 'अस्सल' म्हणू नका हो. त्यात मूळ चिप नसते, कुणीतरी हार्डवेअरच्या भाषेत लिहून काढलेलं तिचं वर्णन असतं. लिहिणाऱ्याचा समज चुकला तर तीच चूक समांतर आणि झपाट्याने होते, एवढंच.

पानगळ

धागाकर्त्यांच्या 'उचलून नेता येतो'ला एक टाचणी. मॅकवर विंडोज चालवणारा व्हर्च्युअल पीसी हा एम्युलेटर मॅकच्या तेव्हाच्या प्रोसेसरच्या एका खास सोयीवर विसंबून होता. इंटेलचे प्रोसेसर बाइट उलट्या क्रमाने ठेवतात, ती गैरसोय ही सोय भरून काढायची. २००३ साली आलेल्या मॅकच्या जी-५ प्रोसेसरमध्ये ती काढून टाकली आणि व्हर्च्युअल पीसी चालेना. नवी आवृत्ती यायला २००४ उजाडलं.

उलट बाजूही सांगते. ॲपलच्या एम-१ प्रोसेसरमध्ये मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याचा इंटेलसारखाच क्रम पाळायची सोय सिलिकॉनमध्येच दिली आहे, आणि त्यावर इंटेलचे प्रोग्राम चालवणाऱ्या रोझेटा-२ या सॉफ्टवेअरच्या वेगामागे तीही आहे. आता याला सॉफ्टवेअर म्हणायचं की हार्डवेअर?

खटारा

जी-५चा मुद्दा बिनतोड. तरी सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी दुरुस्त झालं. टू-ई कार्डाला कुणी नवी आवृत्ती दिली?

डोंगलग्रस्त

तुमचं तात्त्विक चालू द्या. माझ्याकडे हिशेबाचा एक जुना डॉस प्रोग्राम आहे. एम्युलेटरमध्ये झकास सुरू होतो, आणि मग डोंगल मागतो, म्हणजे प्रोग्राम विकत घेतल्याचा पुरावा म्हणून मशीनला जोडायची किल्ली. ते लागतं पॅरलल पोर्टला, जुन्या प्रिंटरच्या खोबणीला. यूएसबी अडॅप्टर लावून पाहिला. प्रोग्राम थेट पोर्टच्या पत्त्यावर जाऊन विचारतो, आणि अडॅप्टर स्वतःला प्रिंटर समजतो.

चक्रमोजणी

घ्या! +१

खटारा

डोंगलग्रस्त, काही एम्युलेटरांच्या सुधारित आवृत्त्यांत पोर्टचं वाचन-लेखन मशीनच्या खऱ्या पोर्टकडे वळवायची सोय असते. खरा पोर्ट हवा मात्र. मदरबोर्डवर नसेल तर पॅरलल पोर्टचं पीसीआय कार्ड बसवा. त्याचा पत्ता नेहमीचा ३७८ नसतो बहुधा, तेवढा एम्युलेटरला सांगावा लागेल.

डोंगलग्रस्त

म्हणजे शेवटी कार्डच ना?

खटारा

एम्युलेटरसाठी कार्ड. हसू नका.

डोंगलग्रस्त

कार्ड मागवतो. तोवर ते जुनं मशीन टेबलाखाली घरघरत राहील.