अपंगत्व पेन्शनचं पहिलं अपील फेटाळलं, पुढे काय करावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. बाबा तोफखान्यात 22 वर्षं होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. दोन्ही कानांनी ऐकू कमी येतं. आमच्या टीव्हीवरच्या बातम्या शेजारचे घरबसल्या ऐकतात! निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाने अपंगत्व 30 टक्के धरलं, पण शेरा मारला, 'सेवेमुळे झालेलं नाही, सेवेत वाढलेलंही नाही.' तोफांजवळ उभं राहून कान गेले नाहीत, तर कशाने गेले? पहिलं अपीलही दोन ओळींच्या पत्राने फेटाळलं. कारण काहीच नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा धरमवीर सिंग निकाल वाचला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असं साधारणपणे गृहीत धरायचं, असं त्यात आहे. बाबांच्या भरतीच्या कागदावर कान ठणठणीत लिहिलेत.

आता दुसरं अपील करावं की थेट सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावं? बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत माहिती अधिकारात कुणी मिळवली आहे का? बाबा म्हणतात, 'जाऊ दे रे, मिळतंय तेवढं पुरे.' मला मात्र सोडवत नाही. अनुभवी माजी सैनिकांनी कृपया सांगावं.