यॉर्क शहर फिरून इंग्रजी शब्द शिकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

कावेरी_क
नुकतेच लीड्सला राहायला आलो आहोत. पेपर वाचून कळतो, पण बोलायला गेलं की तेच ते शब्द. येत्या शनिवार-रविवारी यॉर्कला जातोय, बरोबर बारा वर्षांची मुलगी आहे. कुठे कोणते शब्द मिळतील, लिहून कसे ठेवायचे, आणि पाटीसमोर फोन धरून भाषांतर करून घ्यावं की नाही, ते सांगाल का?

गडवाट
शहराच्या तटापासून सुरुवात करा. जवळजवळ ३.४ किलोमीटर तट अजून उभा आहे, वरून चालता येतं, तिकीट नाही. अंधार पडायच्या आत बंद होतो आणि बर्फ असेल तर उघडतच नाहीत, तेव्हा सकाळीच उरका.

किल्ले पाहिलेल्या मराठी माणसाकडे इथे आयतं भांडवल असतं. वस्तू ओळखीची असते, नाव तेवढं नवं. ज्या फांजीवरून चालाल ती वॉल-वॉक. कठड्यावरच्या चर्या म्हणजे बॅटलमेंट्स. त्यातला उभा दात मर्लन आणि दोन दातांमधली खाच क्रेनेल. आपल्या जंग्या, म्हणजे तटातली मारा करायची भोकं, बंदुकीसाठी, इथल्या ॲरो स्लिट बाणासाठी, म्हणून त्या उंच आणि अरुंद. तट ज्या मातीच्या बांधावर उभा आहे तो रॅम्पार्ट.

वॉल्मगेट बार या वेशीपाशी मात्र निवांत थांबा. मुख्य दरवाजाच्या पुढे दोन समांतर भिंतींचा जो बोळ काढलाय तो बार्बिकन. शत्रूला अरुंद जागेत कोंडून वरून मारायचं, हा हेतू आपल्या गोमुखी दरवाजाचाच. दरवाजात वरून खाली सोडायची जाळी आहे, ती पोर्टकलिस. हिला आपल्याकडे जोड नाही, म्हणून मुलीला ती चितारायला सांगा आणि नाव चित्राखाली लिहू द्या. आतल्या ओकच्या दारातला छोटा दिंडी दरवाजा म्हणजे विकेट. क्रिकेटमधली विकेट ती हीच; सुरुवातीला दोन यष्ट्या आणि वर एक आडवी दांडी असायची, ती छोट्या फाटकासारखी दिसायची.

दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. यॉर्कच्या नावांत गेट म्हणजे रस्ता आणि बार म्हणजे वेस. ८६६ साली व्हायकिंगांनी शहर घेतलं, त्यांच्या भाषेतल्या ‘गाटा’वरून हे गेट आलं. स्टोनगेट, कॉपरगेट हे रस्ते आहेत, तिथे दरवाजा शोधू नका. एरवीच्या बोलण्यात मात्र गेट म्हणजे फाटकच. दुसरा घोळ मोट आणि मॉट यांचा. मोट म्हणजे खंदक, मॉट म्हणजे किल्ल्यासाठी मुद्दाम रचलेलं टेकाड. इथल्या जुन्या किल्ल्याचा क्लिफर्ड्स टॉवर उभा आहे तो मॉटवर.

शब्दखोर
गडवाट यांची यादी झकास आहे, पण मर्लन आणि क्रेनेल घेऊन सोमवारी बँकेत काय बोलणार? नामं दिवसाला दहा-बारा पुरे. खरा माल क्रियापदांत आहे, आणि तो पाट्यांवर फुकट मिळतो. इमारतींवरच्या पाट्यांची भाषा ठरलेली असते: वॉज बिल्ट, वॉज डिमॉलिश्ड, वॉज रिस्टोअर्ड, डेट्स फ्रॉम. सगळं कर्मणी. एकदा साचा बसला की ‘आमचा बॉयलर गेल्या वर्षी बदलला’ हेही त्याच साच्यात सांगता येतं.

‘ऑन धिस साइट स्टुड’ अशी पाटी दिसेल. तिथे क्रियापद कर्त्याच्या आधी आलंय. ती शिलालेखी ढब आहे, बोलण्यात आणलीत तर लोक चमकतील.

वहीत एका ओळीत चार गोष्टी हव्यात: पाटीवरचं पूर्ण वाक्य, जागा, कानाला ऐकू आलेला उच्चार देवनागरीत, आणि तोच शब्द घालून घरच्या विषयावरचं स्वतःचं वाक्य, त्याच्या मराठीसकट. सुटा शब्द आणि त्यासमोर मराठी अर्थ असं लिहिलंत तर चार दिवसांत दोन्ही विसराल, कारण वापरताना लागणारे आजूबाजूचे शब्द वहीत आलेलेच नसतात. उजळणी त्याच रात्री, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने आणि महिन्याने, मराठी बाजू वाचून इंग्रजी मोठ्याने म्हणत.

फोनचं भाषांतर पाटी वाचून झाल्यावर. आधी केलंत तर डोळा मराठीवरच खिळतो, इंग्रजीकडे परत वळत नाही. शिवाय यंत्राने मॉंक बारला मद्यालय म्हटलं तर नवल नाही.

शॅम्बल्स गल्लीतून जालच. तिथे खाटकांची दुकानं होती, मांस मांडायच्या फळ्यांवरून हे नाव पडलं. आज ‘द किचन इज अ शॅम्बल्स’ म्हणजे स्वयंपाकघरात नुसता पसारा. शेवटी स असूनही आधी ‘अ’ लागतो. घरात बारा वर्षांचं मूल असेल तर हा शब्द रोज लागेल.

घंटानाद
मिन्स्टरबद्दल, म्हणजे यॉर्कच्या भव्य चर्चबद्दल, थोडं. आत शब्दांचा इतका मारा होतो की डोकं बधिर होतं. पाचच धरा: नेव्ह हा मधला लांब भाग, आइल त्याच्या दोन्ही बाजूंच्या वाटा, ट्रान्सेप्ट आडवे हात, क्वायर गायकवृंदाची जागा, क्रिप्ट तळघर. नेव्हमध्ये उभं राहून हात पसरले की ट्रान्सेप्ट कुठे ते मुलीला लगेच कळेल. यातला आइल शब्द रोजचा आहे. सुपरमार्केटमधल्या कपाटांच्या मधली वाट आणि विमानातली खुर्च्यांमधली वाट, दोन्ही आइलच.

स्पेलिंग पाहून उच्चार केलात तर फसाल. आइलमध्ये एस मुका, टूम म्हणजे कबर यात बी मुका, कासलमध्ये टी मुका, सोर्ड म्हणजे तलवार यात डब्ल्यू मुका. क्वायर तिथे क्यूने लिहितात, एरवी सीएचने, उच्चार एकच. नदीचं नाव ऊझ, औस नव्हे.

पूर्वेची मोठी खिडकी १४०५ ते १४०८ या काळात जॉन थॉर्नटनने केली. तिथे स्टेन्ड ग्लास हा शब्द मिळेल. स्टेन म्हणजे डाग हे आपल्याला माहीत असतं, इथे त्याचा अर्थ रंगवलेली काच.

कावेरी_क
खूप आभार! वाटाड्याबरोबर फिरावं का? भरभर बोलतात, निम्मं डोक्यावरून जातं.

शब्दखोर
जरूर फिरा, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी तट आणि मिन्स्टर पाहिलंत की निम्मे शब्द ओळखीचे होतात, मग वेग तेवढा नडत नाही. आर्ट गॅलरीसमोरच्या एक्झिबिशन स्क्वेअरमधून स्वयंसेवकांची पायी फेरी निघते, ती मोफत असते आणि ते बक्षिसीही घेत नाहीत. वेळ आदल्या दिवशी बघून घ्या. वाटाड्याच्या जवळ, पुढे उभ्या राहा. मागे राहिलात तर रहदारीच्या आवाजात शब्दांची टोकं ऐकू येत नाहीत. ऐकताना लिहू नका, थांब्यागणिक एकच शब्द मनात ठेवा आणि पुढच्या थांब्यापर्यंत चालताना मुलीला सांगा. शब्द अडला तर ‘व्हॉट डू यू कॉल दॅट?’ म्हणून बोट दाखवा. ‘व्हॉट इज द मीनिंग’ विचारलंत तर लांबलचक व्याख्या ऐकावी लागते, आणि त्यात आणखी चार नवे शब्द निघतात.