विषय: लायब्ररी कार्ड संपतंय, नागपुरातून रिन्यू होईल का?

धरमपेठच्या काकू:
मंडळी, अमेरिकेतल्या काउंटी (म्हणजे जिल्ह्याच्या) लायब्ररीचं माझं कार्ड ३१ मेला संपून राहिलं. रिन्यू करायला पत्त्याचा पुरावा मागतात, घर तर विकलं, बिलं बंद झाली, तिकडचा फोन नंबरही गेला. इथे दुपारी ४५ डिग्रीत कूलरसमोर बसून लिबीवरच, म्हणजे लायब्ररीच्या ईबुकांच्या ॲपवरच, वाचते बाप्पा, डोळ्याच्या ऑपरेशननंतर अक्षर मोठं केल्याशिवाय दिसतच नाही. पैसे भरून बाहेरच्यांना कार्ड देतात म्हणे, कुठे? लवकर सांगा, रांगेत मागून ठेवलेल्या दोन पुस्तकांचा (होल्डचा) नंबर लागत आलाय.

न्यू जर्सीहून:
काकू, ब्रुकलिन लायब्ररीचं बाहेरच्यांसाठीचं ५० डॉलरवालं कार्ड २०२२ मध्येच बंद झालं. ऑरलँडोकडच्या ऑरेंज काउंटीचं आहे, वर्षाला १२५ डॉलर. तिथली लायब्ररी तिथल्या प्रॉपर्टी टॅक्सवर चालते, म्हणून बाहेरच्यांकडून पैसे घेतात. नाहीतर लिबीत तुमच्या मुलीचं कार्ड टाका न, माझी आई रामदासपेठेत बसून माझ्याच कार्डावर वाचते.

ग्रंथालय समिती:
पैसे भरायची घाई नको. नॉन-रेसिडेंट म्हणजे बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या काउंटीतला नाहीतर दुसऱ्या राज्यातला, दुसऱ्या देशातला नव्हे. तिकडच्या झिप कोडचे आकडे पाच, आपल्या पिनचे सहा, फॉर्म तिथेच अडतो. आधी ईमेल करून विचारा. आणि मुलीच्या कार्डाचं मला पटत नाही, कार्ड ज्याचं त्याने वापरावं. ईबुकाची बहुतेक प्रत एका वेळी एकालाच मिळते, मागे रांग असते. असे प्रश्न समितीच्या पत्त्यावर पाठवायचे हे गणपतीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं.

न्यू जर्सीहून:
आई वाचते तेव्हा मी वाचत नाही, रांग तेवढीच राहते. बहात्तराव्या वर्षी ती परत वाचायला लागली, ते मी बंद करणार नाही.

डॅलसहून:
किंडलचं, म्हणजे अमेझॉनच्या ईबुक रीडरचं, कोणी बोललंच नाही. लिबीतून किंडलवर फक्त अमेरिकन लायब्ररीचं पुस्तक जातं, अमेझॉनचं खातंही तिकडचंच लागतं. माझ्या बाबांनी नागपुरात आल्यावर खातं इंडियाचं करून टाकलं न मग दोन रविवार व्हिडिओ कॉलवर आमचं तेच चाललं होतं. काकू, खात्याला हात लावू नका, नाहीतर सरळ टॅबवर लिबीतच वाचा.

ग्रंथालय समिती:
मराठीसाठी राज्य मराठी विकास संस्थेच्या साइटवर ईबुकं फुकट आहेत. मराठी विकिस्रोत ही फुकट पुस्तकांची साइटही बघा, लेखक जाऊन ६० वर्षं झाली की पुस्तक कॉपीराइटमधून मोकळं होतं. आणि झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहेच की!

धरमपेठच्या काकू:
संघात जाऊन आले, पण छापील अक्षर मोठं कसं करू? ऑरलँडोला मेल टाकली, भारतातला पत्ता चालतो का एवढंच विचारलं. उत्तर आलं की इथेच लिहीन, समितीच्या पत्त्यावर नाही, कारण घर विकून परत आलेले आपले आणखी चौघं तरी हेच शोधून राहिले आहेत.