मुंबई–न्यूयॉर्क : अंतर एकच, मग जाण्यायेण्याच्या वेळेत फरक का?

घाटमाथा
येत्या जूनमध्ये आम्ही उभयता मुलीकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातील हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे, म्हणजे ताशी ९०० किलोमीटर वेगाने चौदा तास पुरायला हवेत. प्रत्यक्षात थेट विमानाला जाताना सुमारे सोळा तास आणि परतताना त्याहून तास-दीड तास कमी लागतात, असे दिसते. पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्याने परतताना मुंबई पुढे पुढे सरकणार आणि उलट जास्त वेळ लागणार, असे मला वाटत होते. शिवाय तिकिटावर रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी आठला पोहोचण्याची वेळ आहे. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

पंचांगवाले
तिकिटावरील दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे दिसणाऱ्या साडेसहा तासांत ते मिळवले की सोळा होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि मार्चपर्यंत हा फरक साडेदहा तासांचा राहतो.

वाऱ्याची दिशा
पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या हवेतूनच उडते, म्हणून पृथ्वीच्या फिरण्याने मुंबई विमानापुढे पळत नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार जेट प्रवाह वाहतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर आणखी वाढतो. संपूर्ण वाटेवर सरासरी अवघा ५० किलोमीटर वेगाचा वारा धरला, तरी जाताना जमिनीच्या संदर्भात विमानाचा वेग ८५० होतो आणि पावणेपंधरा तास लागतात. येताना तो ९५० होऊन सव्वातेरा तास पुरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि उतरण्यासाठी आकाशात ताटकळणे यांचा वेळ वेगळाच.

नकाशावेडा
वाऱ्याचे म्हणणे मान्य, पण १२,५५० हा आकडा फक्त सर्वांत जवळच्या वाटेचा आहे, हेही ध्यानात घ्यावे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला, तर तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान असे करत मॉस्कोजवळून, पुढे फिनलंड, नॉर्वे आणि आइसलँडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी जातो. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात सरळ दिसणारी, अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाणारी वाट प्रत्यक्षात सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. मात्र दोऱ्याच्या वाटेने जायला त्या त्या देशाची परवानगी लागते. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना. तेव्हापासून भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. म्हणूनच दोन कंपन्यांच्या विमानांचा मार्ग आणि वेळ एकसारखी नसते. तिकीट काढताना अंतराला वेगाने भागत बसू नये, कंपनीने दिलेला एकूण कालावधी पाहावा. न्यूयॉर्कहून पुढे दुसरे विमान पकडायचे असल्यास इमिग्रेशनच्या रांगेसाठी निदान तीन तास हाताशी ठेवावेत.

घाटमाथा
सर्वांचे आभार. मुलगी विमानतळावर न्यायला येणार आहे, त्यामुळे पुढच्या विमानाचा प्रश्न नाही. परतीचे तिकीट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातले आहे, तेव्हा साडेदहा तासांचा हिशेब धरतो.