खो-खोसाठी टाकाऊतून गुडघ्याचे पॅड: स्पंजऐवजी काय?

सांगलीची_ताई: आमच्या मुली मातीवर सूर मारतात, गुडघे सोलून निघतात. जुनी जीन्स आणि सोफ्यातला स्पंज घेऊन पॅड शिवले, पण स्पंज घाम पितो, चेपतो. दुसरं काय वापरू?

शिवणयंत्र: ताई, स्पंज काढाच. मुलांच्या कोड्याच्या मॅटमधला (तुकडे एकमेकांत अडकवायची ती) ईव्हीए फोम, म्हणजे रबरासारखा मऊ फोम घ्या, पाणी शोषत नाही. साधारण 10 मिमी जाडी पुरे. अखंड तुकडा मात्र नको, गुडघा वाकला की पॅड खाली घसरतो. आडव्या पट्ट्या कापा, दोन पट्ट्यांच्या मधे शिवण मारा म्हणजे तिथून दुमडेल. जीन्स मांडीकडची घेऊ नका, विरलेली असते, पोटरीकडची घ्या. आणि गुडघ्याच्या टोकावर शिवण येऊच देऊ नका, मातीत धागा तिथेच आधी तुटतो.

सांगलीची_ताई: पॅड पायाला बांधायच्या पट्ट्याला सायकलची ट्यूब चालेल?

शिवणयंत्र: ताणाला छान, पण कातडीला लागू देऊ नका. हवा खेळत नाही, पुरळ उठतं. आतून जुन्या सुती टी-शर्टचं अस्तर लावा.

जुना_खेळाडू: हे सगळं खरचटण्यापुरतं. हेल्मेट मात्र घरी बनवू नका, जुन्यातला थर्माकोलही परत वापरू नका; एकदा आपटून चेपला की पुढचा मार तो झेलत नाही.